पिसनहारीचे जाते

१

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या लहानशा देवळीपुढे वाटसरू क्षणभर थांबतो, हात जोडतो आणि पुढे जातो. या क्षणात तो नेमके काय करतो, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. मोठ्या देवालयांविषयी आपल्याकडे पुष्कळ विचार झाला आहे. ईश्वर मूर्तीत असतो की भक्ताच्या मनात, पूजेचा अधिकार कोणाला, देवस्थानाच्या उत्पन्नाचा विनियोग कसा व्हावा, या प्रश्नांवर शास्त्री, सुधारक आणि न्यायाधीश यांनी सारख्याच हिरीरीने लिहिले. पण शिवेवरचा म्हसोबा, घाटाच्या तोंडची घुमटी, तिठ्यावरचा क्रूस, लिंबाखालचा शेंदूर फासलेला तांदळा, यांचा विचार आपण बहुधा लोकसाहित्याच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवला आणि मोकळे झालो.

या अभ्यासकांनी आपले काम चोख केले, यात शंका नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासचा मुलूख पायी तुडवला आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात चव्हाट्यावरच्या मातृदेवतांचा स्वतंत्र विचार केला. आज आडबाजूला वाटणारी ही ठाणी एके काळी माणसांच्या येण्याजाण्याच्या मार्गांवर होती, असे त्यांनी दाखवून दिले. गावे नंतर वसली, वाटा त्यांच्याआधीच्या आणि देवताही वाटांच्याच वयाच्या. रा. चिं. ढेरे यांनी अशाच उपेक्षित दैवतांच्या माग काढत मोठमोठ्या क्षेत्रांच्या उगमापर्यंत आपल्याला नेले. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. एखादी देवळी तिथे का आहे, हे इतिहास सांगतो. तिच्यापुढे उभे राहणाऱ्या माणसाचे तिच्याशी कोणते नाते असावे, हे तो सांगत नाही आणि सांगण्याचे त्याला कारणही नाही. तो प्रश्न नीतीचा आहे.

लहान देवस्थानाविषयी एक कोवळी भावना सुशिक्षित मनात सहज उत्पन्न होते. मोठ्या क्षेत्रातील गर्दी, पंड्यांचा गलबला आणि पैशाचा खणखणाट यांना विटलेले मन निर्जन रस्त्यावरच्या घुमटीपाशी निवते. या भावनेत खोटे काही नाही. पण ती फारशी तपासलेलीही नसते. लहान असणे हा गुण आहे का? की ती केवळ एक स्थिती आहे, आणि संधी मिळताच पालटणारी आहे? प्रस्तुत लेखात हा प्रश्न काही प्रत्यक्ष स्थळांच्या आधारे तपासून पाहायचा आहे.

२

त्यांपैकी मुख्य स्थळ जबलपूरचे आहे. मराठी वाचकाला हे शहर अगदी परके नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७-१८ च्या धामधुमीत इंग्रजांच्या हाती पडला. त्या काळापासून आणि नंतर नोकरीव्यवसायाच्या निमित्ताने मराठी कुटुंबे नर्मदेकाठच्या या शहरात राहत आली आहेत. शहरातील गोरखपूर हा गजबजलेला भाग. नाथपंथाच्या पीठामुळे प्रसिद्ध असलेले उत्तर प्रदेशातील गोरखपूर वेगळे, हे जबलपूर. सातपुड्यातून येणारी अरुंद रेल्वे, जिला तिकडे ‘छोटी लाइन’ म्हणतात, ती २०१५ पर्यंत याच बाजूने धावत असे. ती बंद झाली तरी तिचे नाव चौकाला चिकटून आहे. या भागातून निघून मदनमहालच्या काळ्या, एकमेकांवर रचून ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या शिळांच्या टेकड्यांना वळसा घालून नागपूरच्या दिशेने निघाले, की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात एक टेकडी लागते. तिच्यावरच्या जैन क्षेत्राला ‘पिसनहारी की मढिया’ म्हणतात.

मढिया हा बुंदेली-महाकोसली शब्द आपल्या ‘मढी’ची धाकटी बहीण म्हणावा असा. अहिल्यानगर जिल्ह्यातील कानिफनाथांच्या मढीमुळे तो आपल्या ओळखीचा आहे. पण तिकडे त्याचा अर्थ आणखी लहान होतो. झाडाखाली चार विटांच्या आडोशात बसलेली खेरमाईही मढियातच असते. पिसनहारी म्हणजे लोकांची दळणे दळून पोट भरणारी बाई. आख्यायिका थोडक्यात अशी : एका गरीब दळणवालीने आयुष्यभर दुसऱ्यांचे धान्य दळून मिळालेल्या मजुरीतून पैसा पैसा बाजूला टाकला आणि या टेकडीवर एक लहानसे जिनमंदिर बांधले. मंदिर पुरे झाले, पण शिखरावर कळस चढवण्यापुरते द्रव्य उरले नाही. तेव्हा तिने आपल्या जात्याच्या दोन्ही तळी शिखरावर बसवून घेतल्या. पुढे या टेकडीवर अनेक मंदिरे झाली, नंदीश्वरद्वीपाची रचना झाली, गणेशप्रसाद वर्णी यांच्या नावाचे गुरुकुल उभे राहिले. क्षेत्राचे नाव मात्र कोणा श्रेष्ठीच्या वा राजाच्या नावावरून पडले नाही. ते दळणवालीच्या धंद्यावरून पडले आणि तेच टिकले.

आख्यायिकेचा पुरावा म्हणून शोध घेण्याचे हे स्थान नव्हे. आख्यायिका सत्य असो वा नसो, एका समाजाने ती निवडली आणि शतकानुशतके सांगितली, ही घटना तर सत्यच आहे. तिच्यातला सर्वांत विचार करण्याजोगा तपशील जात्याचा आहे. जाते हे दळणवालीचे एकमेव साधन. खालची तळी स्थिर, वरची खुंट्याने फिरणारी. मधल्या तोंडातून मुठीमुठीने वैरण घालायची. दोन दगडांच्या घर्षणात धान्याबरोबर दगडही झिजतो. म्हणून मधूनमधून त्याला टाकी लावून घ्यावी लागते, आणि प्रत्येक टाकीगणिक तळी पातळ होत जाते. जुने जाते म्हणजे बाईच्या आयुष्याचा अक्षरशः झिजून उरलेला शेष. ते शिखरावर गेले याचा अर्थ असा, की आता दळण बंद झाले. कळसासाठी तिने शिलकीतले काही दिले नाही; मिळकतीचा उगमच दिला.

मराठी मनाला या ठिकाणी जनाबाईची आठवण होणे अपरिहार्य आहे. तिच्यासोबत विठ्ठल दळू लागतो, ही आपल्या परंपरेतील लाडकी कल्पना. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतूनही जात्याला देव मानणारी बाई पुनःपुन्हा भेटते. परंतु दोन्ही कल्पनांत एक मूलगामी फरक आहे. जनाबाईच्या गोष्टीत देव दळणाच्या घरात उतरतो आणि कष्ट वाटून घेतो. पिसनहारीच्या गोष्टीत कोणीही मदतीला येत नाही. तिचा जिन वीतराग आहे. तो प्रसन्न होत नाही, रुष्ट होत नाही, नवस ऐकत नाही, वाहिलेले स्वीकारत नाही आणि त्याच्या बदल्यात काही देतही नाही. जैन विचारात पूजेचे फळ मूर्तीकडून मिळत नाही, पूजकाच्या परिणामांतून, म्हणजे त्याच्या अंतःकरणातील पालटातून मिळते. अशा वेळी ज्याला घेणेच ठाऊक नाही त्याला सर्वस्व देणे, याला व्यवहार म्हणता येणार नाही.

३

हे देणे नीट समजण्यासाठी रस्त्यावरची आणखी दोन ठिकाणे त्याच्या शेजारी ठेवून पाहू.

मुंबई-पुणे जुन्या मार्गावर बोरघाटात शिंगरोबाचे लहानसे देऊळ आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रज अभियंत्यांना घाटातून रेल्वे नेण्याजोगी वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून आपल्या लोकांचे स्वातंत्र्य मागितल्यावर त्याला गोळी घालण्यात आली, अशी कथा त्या परिसरात सांगतात. या मार्गावरचे वाहनचालक घाट चढता-उतरताना इथे नाणे टाकत आले आहेत. पुष्कळदा गाडी थांबतही नाही; वेग थोडा कमी होतो, खिडकीतून हात बाहेर येतो, नाणे खणकन पडते आणि गाडी वळण घेते. हे देणे भयापोटीचे आहे, असे म्हणून ते हिणवण्याचे कारण नाही. घाटातले वळण खरोखरच जीवघेणे असते आणि चालकाच्या मागे पन्नास प्रवाशांचे प्राण असतात. आपल्या हाती सर्व काही नाही, ही जाणीव त्या नाण्यात आहे, आणि तिच्यात विनय आहे. तरीही ते एक प्रकारचे शुल्कच होय. ज्याने वाट दाखवली आणि जो त्या वाटेमुळेच मेला, त्याची कथा नाणे टाकणाऱ्याला ठाऊक असली काय आणि नसली काय, नाण्याचे काम तेच राहते.

दुसरे ठिकाण पुन्हा जबलपूरजवळचे. मंडल्याच्या रस्त्याने बरेल्याच्या बाजूला नर्रई नाल्याकाठी राणी दुर्गावतीची समाधी आहे. अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना १५६४ मध्ये ही गोंड राणी जखमी झाली आणि शत्रूच्या हाती सापडण्याऐवजी तिने स्वतःच्या हाताने मरण पत्करले. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध झालेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन जबलपुरात दीर्घकाळ होता. त्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात या समाधीची हकीकत दिली आहे. दोन टेकड्यांमधल्या अरुंद खिंडीत राणी पडली. तिथून जाणारा प्रत्येक वाटसरू आसपास सापडणाऱ्या स्फटिकांपैकी त्याला सर्वांत सुंदर वाटेल तो खडा उचलून समाधीवर ठेवतो, असे त्याने नोंदले आहे. जवळच्या दोन गोल शिळा म्हणजे राणीचे दगड झालेले नगारे, आणि ते मध्यरात्री अजून वाजतात, ही लोकश्रद्धाही तो सांगतो.

आज राणीच्या नावाने जबलपूरचे विद्यापीठ आहे, संग्रहालय आहे. ते योग्यच झाले. पण एका खड्याचे ते देणे नीतिविचाराच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. खड्याला किंमत नाही. तो कुणाच्या मालकीचा नाही. त्याने राणीचे काही वाढत नाही आणि वाटसरूचे काही कमी होत नाही. मग त्यात दिले काय जाते? उत्तर त्या लहानशा अटीत आहे : खडा सुंदर पाहून निवडायचा. त्यासाठी वाटसरूला थांबावे लागते, वाकावे लागते, मातीत हात घालावा लागतो, दोन खडे शेजारी धरून पाहावे लागतात. तेवढा वेळ त्याचे लक्ष त्याच्या प्रवासाच्या प्रयोजनापासून सुटून, जिच्याकडून आता त्याला काहीच मिळायचे नाही अशा एका मृत स्त्रीकडे लागते. दिले जाते ते लक्ष. घाटातल्या नाण्याला गाडी थांबवावी लागत नाही. खड्याला थांबल्याशिवाय गत्यंतर नाही.

थांबण्याचा हा मुद्दा आपल्या काळात विशेष महत्त्वाचा झाला आहे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यानंतर देशभर जे नवे रस्ते झाले त्यांचे तत्त्वच मुळी न थांबण्याचे आहे. त्यांच्यावर विनाकारण थांबणे हा अपराध ठरतो, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. अशा रस्त्याला कडा असते, पण काठ नसतो. नदीला जसा काठ असतो तसा जुन्या वाटेला होता : तिथे विहीर, पाणपोई, पार, धर्मशाळा आणि देवळी अशा गोष्टी एकमेकींच्या आधाराने असत. देवळीपुढे थांबणारा बैलांनाही पाणी पाजत असे. थांबणे हा जगण्याचा भाग होता, त्यामुळे त्याला नैतिक मूल्य आहे हे कुणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. आज मोटार बाजूला घेऊन उतरणाऱ्याला थांबायचे ठरवावे लागते. ज्या कृतीसाठी ठरवावे लागते, तिच्याविषयी प्रश्न विचारता येतो.

तर आपल्यापुढे तीन देणी आहेत : नाणे, खडा आणि जाते. पहिल्यात भय आहे, दुसऱ्यात लक्ष आहे, तिसऱ्यात आयुष्य आहे. तिन्ही ठिकाणे लहान. यावरून एवढे तरी स्पष्ट व्हावे, की लहानपणाच्या पोटात अगदी निरनिराळ्या नैतिक गोष्टी राहू शकतात. म्हणून नुसत्या आकाराची भलावण करणे निरर्थक आहे.

४

इथवर आलेला विचार पिसनहारीच्या गौरवाकडे झुकतो आहे. नेमक्या याच ठिकाणी एक कठोर आक्षेप उभा राहतो, आणि त्याला सामोरे गेल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दिवसभर जाते ओढणाऱ्या बाईने पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे देवळात घातले, याचे कौतुक कोण करतो? ज्याला दळावे लागत नाही तो. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीराव फुल्यांनी जन्मापूर्वीपासून मरणानंतरपर्यंत धर्माच्या नावाने शूद्र शेतकऱ्याकडून कसे उकळले जाते, याचा तपशीलवार हिशेब मांडला. त्या हिशेबापुढे गरिबाच्या दानाची गोड वर्णने फिकी पडतात. गाडगेबाबांनी हाच विचार कृतीत आणला. पंढरीच्या वाटेवर आयुष्य काढूनही त्यांनी देऊळ बांधण्याच्या भरीस कुणाला घातले नाही. लोकांकडून आलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांतली एक चोखामेळ्याच्या नावाची केली. दळणवाली त्यांच्या कीर्तनाला गेली असती, तर लेकराला शाळेत घाल, असेच त्यांनी तिला सांगितले असते, यात संशय नाही.

हा पेच केवळ आपला नाही. ख्रिस्ती शुभवर्तमानात मंदिराच्या दानपेटीत दोन क्षुद्र नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेचा प्रसंग आहे. श्रीमंतांनी विपुलतेतून टाकले, हिने आपली सगळी उपजीविका टाकली, असे येशू शिष्यांना दाखवतो. शतकानुशतके हा प्रसंग दानाचा आदर्श म्हणून सांगितला गेला. पण मार्काच्या शुभवर्तमानात त्याच्या अगदी आधीच, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आला आहे, याकडे काही आधुनिक भाष्यकारांनी लक्ष वेधले. तो धिक्कार ध्यानात घेऊन वाचले, की विधवेकडे दाखवणारे बोट स्तुतीचे आहे की विषादाचे, असा प्रश्न पडतो. तिच्याकडून शेवटची दोन नाणी घेणारी व्यवस्था त्या बोटाच्या टोकाशी उभी असते.

माझ्या मते या आक्षेपाचे उत्तर आक्षेप नाकारून मिळणार नाही. तो अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग पूर्णपणे मान्य केला पाहिजे. पिसनहारीला नाव नाही. तिचा धंदा कळतो, जात्याच्या तळ्या ठाऊक होतात, ती कोण हे कळत नाही. या अनामिकतेला आपण निरहंकार म्हणून ओवाळू लागतो, तेव्हा एक अन्याय झाकत असतो. ज्या समाजाने देणगीदारांची नावे शिलालेखांत कोरली, त्याला दळणवालीचे नाव विचारावेसे वाटले नाही; तिने ते लपवले असे कुणी सांगितलेले नाही. नाव सोडून देणे आणि नाव न विचारले जाणे, या दोन गोष्टी नीतीच्या दृष्टीने भिन्न आहेत.

पण उरलेला अर्धा भाग आक्षेपकाच्या हातातून निसटतो. गरिबाने आपल्या कमाईचे काय करावे, हे ठरवण्याचा हक्क गरिबाला नसेल, तर त्याची शोषणातून सुटका झाली असे म्हणता येणार नाही. फक्त त्याचा पालक बदलला. दळणवालीला पोटापुरते मिळाले म्हणजे तिच्या माणूसपणाची गरज भागली, असे मानणारा हितचिंतक तिला मालकाइतकाच लहान करतो. दुसऱ्याच्या धान्याचे पीठ करणे हे आयुष्यभर तिच्या वाट्याला आलेले काम. त्यातले तिचे असे काहीही मागे राहत नव्हते; पीठ मालक नेई, भाकरी पोटात जाई. या अखंड नाहीशा होण्यातून एक गोष्ट तरी उभी राहावी आणि ती कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या मनाने उभी राहावी, ही आकांक्षा धर्मभोळेपणाच्या सदरात टाकता येत नाही. कथेत कोणी पुरोहित तिला मंदिर बांधायला सांगत नाही, कोणी पुण्याचे आमिष दाखवत नाही, हा तपशील म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. शोषण आणि दान यांतला भेद रकमेवरून कळत नाही. मागणारा कोणी होता का, यावरून कळतो.

५

आता दुसरा, अधिक व्यावहारिक प्रश्न. देणे स्वतःच्या मालकीचे असावे लागते. पिसनहारीने दिले ते तिचे होते. मग जो माणूस रस्त्याच्या कडेला एक दगड मांडतो, त्यावर शेंदूर चढवतो, वर्षाने पत्रा घालतो, पाच वर्षांनी भिंत बांधतो, तो कोणाचे देतो? जमीन त्याची नसते; ती येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांची असते. पदपथावरून उतरून वाहनांच्या गर्दीत चालावे लागणारी म्हातारी त्या देवळाची नकळत देणगीदार झालेली असते.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी आदेश दिला, की सार्वजनिक रस्ते, उद्याने व इतर सार्वजनिक जागांवर मंदिर, चर्च, मशीद वा गुरुद्वारा यांच्या नावाने अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. आधीपासून असलेल्या बांधकामांचा राज्यांनी एकेक करून विचार करावा. महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये त्यासाठी धोरण ठरवून नियमित करण्याजोगी, हलवण्याजोगी आणि पाडण्याजोगी अशी वर्गवारी केली. या आदेशामागील न्याय निःसंशय आहे. प्रत्येक मोठे अतिक्रमण एके काळी लहान होते, किंबहुना लहान असणे हीच पुष्कळदा त्याची युक्ती होती, हा अनुभव कोणत्याही शहराला नवा नाही. लहानपणाला भुलणाऱ्या कोवळ्या मनाने हे नीट ध्यानात घ्यावे.

मात्र कायद्याच्या नजरेला एक गोष्ट दिसत नाही, आणि ती दिसावी अशी अपेक्षाही नाही. ज्याच्याजवळ स्वतःची जमीन आहे, तो आपल्या वाड्यात देवघर बांधतो. ज्याच्याजवळ जमीनच नाही, त्याचा देव कुठे बसणार? आपल्या समाजात शेकडो वर्षे ज्यांना देवळाचे दार बंद होते, त्यांचे दैवत शिवेवर, झाडाखाली, रस्त्यावरच असणार होते. पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वारासमोर चोखोबाची समाधी आहे. परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा वारले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे ठेवल्या. जिवंतपणी जे दार ओलांडता आले नाही, त्याच्या बाहेर ही लहानशी जागा. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पंढरपूरचे दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये उघडले. तोवर चोखोबाची समाधी रस्त्यावरचीच होती, आणि तिच्यापुढे उभे राहायला कुणाला मनाई नव्हती.

यातून लहान देवस्थानाचा एक गुण हाती लागतो, जो निव्वळ आकाराचा नाही. घुमटीला दार नसते, कारण तिला आतच नसते. तिच्यात माणूस मावत नाही. देव आत, आणि सगळी माणसे बाहेर, उन्हापावसात, एकाच पातळीवर. मोठ्या देवळात सभामंडप, अंतराळ, गर्भगृह अशा पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर कुणाला तरी थांबवण्याची सोय असते. घुमटीपाशी थांबवणारा कोणी नाही. जो थांबतो तो आपण होऊन. १८९६ च्या प्लेगात मुंबईत गिरगाव-वांद्र्याच्या गल्ल्यांतून क्रूस उभे राहिले, त्यांच्यापुढे संध्याकाळी जमणारी माणसेही अशीच उघड्यावर उभी राहत. रोगाने दार पाहिले नव्हते. प्रार्थनेलाही ते नव्हते.

अर्थात हा गुण चिरंतन नाही. घुमटीला जाळीचा दरवाजा बसतो, त्याला कुलूप येते, कुलपाबरोबर किल्लीवाला येतो, पेटी येते, समिती येते. ज्या दिवशी आत आणि बाहेर हा भेद उत्पन्न होतो, त्या दिवशी ते स्थान लहान राहिलेले नसते, मग त्याची उंची चार हातच का असेना. उलट एखादे क्षेत्र पुष्कळ वाढूनही आपल्या उगमाशी लहान राहू शकते. मढियाच्या टेकडीवर आज अनेक शिखरे आहेत. पण त्या सर्वांनी मिळून एका दळणवालीचे नाव धारण केले आहे, आणि श्रीमंत देणगीदारालाही तिच्याच नावाने दान द्यावे लागते. वाढीचा दोष वाढण्यात नसतो, उगम पुसण्यात असतो.

६

आरंभीचा प्रश्न असा होता, की लहान देवळीपुढे थांबणारा वाटसरू नेमके काय करतो. आतापर्यंतच्या विवेचनावरून त्याचे काही एक उत्तर देता येईल. तो श्रद्धावान असलाच पाहिजे असे नाही. दुर्गावतीच्या समाधीवर खडा ठेवायला दुर्गावतीला देवी मानावे लागत नाही. वीतराग जिनापुढे उभे राहायला काही मागण्याची मुभाच नाही. तो इतकेच करतो, की आपल्या प्रवासाहून वेगळ्या, आपल्याशी असंबद्ध अशा कुणाच्या तरी अस्तित्वासाठी आपला वेग मोडतो. यालाच मी या कृतीचे नैतिक बीज समजतो. कारण नीतीची सुरुवातच दुसऱ्यासाठी थांबण्यात आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसापाशी कोण थांबतो आणि कोण पुढे जातो, ही तिची जुनी कसोटी. देवळीपाशी थांबणारा माणसापाशी थांबेलच, याची ग्वाही नाही. पण जो कशापाशीच थांबत नाही, त्याच्याकडून माणसापाशी थांबण्याची अपेक्षा तरी कोणत्या सवयीच्या बळावर करावी?

म्हणून रस्त्यावरच्या कोणत्याही लहान देवस्थानाला दोन प्रश्न विचारावेत. याच्या उभारणीत कोणाचे खर्च झाले : उभारणाऱ्याचे, की न विचारता सर्वांचे? आणि याच्यापुढे उभे राहण्यापासून कोणाला अडवता येते का? पहिल्या प्रश्नाला पिसनहारीचे जाते उत्तर देते, दुसऱ्याला चोखोबाची समाधी. या दोन्ही कसोट्यांना उतरणारे स्थान चार हातांचे असो की चारशे, ते आदराला पात्र आहे. न उतरणारे कितीही लहान आणि कितीही गोजिरवाणे असले, तरी त्याच्याविषयीची आपली कोवळीक आवरती घ्यावी.

जात्याच्या बाबतीत एक गोष्ट शेवटी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सोन्याचा कळस चोरीला जाऊ शकतो, त्याला पुन्हा मुलामा द्यावा लागतो, तो कोणी दिला याचा वाद होऊ शकतो. झिजलेल्या जात्याच्या तळ्या कुणी चोरत नाही. त्यांना बाजारात किंमत नाही, आणि ज्या हातांनी त्या फिरवल्या त्यांच्याखेरीज त्यांचा दुसरा मालक कधी नव्हता. नाव विचारायचे राहून गेले, तरी मालकी मात्र स्पष्ट आहे.